चटईक्षेत्राचा हिशेब, गल्लीचा जमाखर्च

१. चटई आहे, माणूस नाही

मुंबईत गेल्या साठ वर्षांत सर्वांत जास्त बिऱ्हाडं हलवणारा शब्द कुठला, असं कुणी विचारलं तर मी ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ असं उत्तर देईन. बोलताना आपण सगळे ‘एफएसआय’ म्हणतो. सरकारी मराठीत ते चटईक्षेत्र. शब्द मोठा बोलका आहे. चटई म्हटलं की ती अंथरणारं माणूस डोळ्यांपुढे येतं. पाहुणा आला की भिंतीशी उभी केलेली चटई पसरायची, रात्रपाळी करून आलेल्यानं तीच गॅलरीत टाकून आडवं व्हायचं. नियमावलीतल्या चटईवर मात्र कुणीच बसलेलं नाही. तिथं ती फक्त बांधकामाचं क्षेत्रफळ आहे. भूखंड १००० चौरस मीटरचा आणि निर्देशांक ३ असेल, तर सगळ्या मजल्यांचं मिळून ३००० चौरस मीटर बांधकाम करता येतं. इतकाच त्याचा अर्थ.

आता या ३००० चौरस मीटरांत माणशी १० चौरस मीटर जागा धरली तर ३०० माणसं राहतील. माणशी ५० धरली तर ६० राहतील. निर्देशांक दोन्हीकडे ३च. पण पहिल्या इमारतीखाली वाण्याचं दुकान, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, शिंपी आणि शिकवणीचा वर्ग चालेल. दुसरीच्या खाली पहारेकऱ्याची केबिन आणि गाड्या असतील. नियमावलीच्या लेखी या दोन इमारती सारख्याच दाट आहेत.

या लेखात मी मुंबईच्या गृहनिर्माणविषयक योजनांकडे आणि आराखड्यांकडे एक संहिता म्हणून पाहणार आहे. आपण कादंबरीचं परीक्षण करताना निवेदक कोण, कुणाला बोलायला मिळालं, कोण पानावर आलंच नाही असे प्रश्न विचारतो. तेच प्रश्न आराखड्याला विचारता येतात. मी नगररचना कुठल्या संस्थेत शिकलेले नाही. ग्रंथालयात बसून जुने अहवाल वाचत आणि ज्या वस्त्यांबद्दल वाचलं त्या पायी फिरत जे शिकले, ते इथं मांडते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. दाट वस्ती हा दोष नाही. घराखाली दुकान आणि दुकानामागे कारखाना, हा ज्याला आता ‘मिश्र वापर’ म्हणतात तो प्रकार मुंबईला बाहेरून शिकावा लागलेला नाही. पण आपल्या आराखड्यांनी दाटी मोजायला जे माप घेतलं ते बांधकाम मोजतं, माणसं आणि त्यांचे धंदे मोजत नाही. त्यामुळे कागदावर शहर दाट होत जातं आणि रस्त्यावर ते रिकामं होत जातं.

जनगणनेचे आकडे पाहा. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या भागाची लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजार झाली. अडीच लाख माणसं कमी. याच दहा वर्षांत गिरण्यांच्या जागांवर मनोरे उभे राहत होते, म्हणजे बांधकाम वाढत होतं. याच काळात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. शहरातून माणसं निघण्याला एकच कारण नव्हतं. गिरण्या बंद पडल्या, कुटुंबं वाढून खोल्या अपुऱ्या झाल्या, मुलांनी डोंबिवली-विरार-बदलापूरला घरं घेतली. पण बांधकाम वाढलं की माणसांना जागा मिळते, हे गृहीतक या आकड्यांपुढे टिकत नाही.

२. उजेडाचा कोन

मुंबईतलं आधुनिक नगरनियोजन एका साथीतून सुरू झालं. १८९६ साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि १८९८ साली कायदा होऊन ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून हवा खेळेल असे रस्ते काढायचे आणि आरोग्यदायी घरं बांधायची, हे त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याची सुरुवातीची कामगिरी. या ट्रस्टवर पुष्कळ टीका झाली आणि ती रास्त होती. पाडणं आधी आणि बांधणं नंतर, असा त्याचा क्रम होता. हटवलेली गरीब माणसं शेजारच्या वस्तीत शिरली आणि गर्दी फक्त एका गल्लीतून दुसरीत सरकली.

पण ट्रस्टच्या दफ्तरात एक नियम आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीच्या खिडकीसमोर इतकी मोकळी जागा हवी, की समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा मोठा कोन करणार नाही. शाळेतलं त्रिकोणमितीचं गणित आठवा. या कोनाचं टॅन जवळजवळ २ येतं. म्हणजे इमारत जितकी उंच, तिच्या निम्मं अंतर समोर मोकळं हवं. ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी या नियमाचा आग्रहानं पुरस्कार केला. या मापात माणूस आहे. तो खोलीत बसलेला आहे आणि त्याला आभाळाचा तुकडा दिसतो की नाही, हे मोजलेलं आहे.

याच ट्रस्टनं पुढे दादर-माटुंगा-शीव भागाची आखणी केली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स. दोन-तीन मजली इमारती, झाडांचे रस्ते आणि मोठ्या रस्त्यांच्या कडेला तळमजल्यावर दुकानं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षं राहिले आणि १९३०च्या दशकात हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त आले. चाळ ट्रस्टनं बांधलेली आणि कॉलनीही ट्रस्टनंच आखलेली. एका संस्थेनं आखलेल्या शहरात एवढा उभा पल्ला होता.

याच काळात, १९१९ साली, पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. जुन्या वस्तीवर सरसकट नांगर फिरवू नये. मोजक्या जागी मोडकी घरं काढून उजेडाला आणि वाऱ्याला वाट करून द्यावी, बाकी वस्ती जिथल्या तिथे सुधारावी, असं ते सांगत. त्यांचे विद्यार्थी गो. स. घुर्ये मोठे समाजशास्त्रज्ञ झाले. गेडिसचा सल्ला मात्र मुंबईच्या प्रशासनानं घेतला नाही.

त्याऐवजी १९२० साली आलं ते मुंबई विकास खातं, म्हणजेच ‘बीडीडी’. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी ५० हजार खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथं मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येकी ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. संख्या काटेकोर होती. पण सुरुवातीला या खोल्या मोठ्या प्रमाणात रिकाम्या राहिल्या. बाजार जवळ नाही, दिवे नाहीत, गिरणी लांब; कामगार जायला तयार नव्हते. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळी सरकारनं तुरुंग म्हणून वापरल्या. काँक्रीटच्या खोल्यांची वस्ती कधी झाली? तळमजल्यावर दुकानं आली, व्यायामशाळा आल्या, भजनी मंडळं आणि वाचनालयं आली, कामगार संघटनांच्या सभा मैदानात होऊ लागल्या तेव्हा. यातलं काहीही बीडीडीच्या नकाशात नव्हतं.

३. गॅलरीतलं साहित्य, मोरीतलं वास्तव

मराठी साहित्यात चाळीचं चित्र पुष्कळ आहे. ते चित्र आता पुनर्विकासाच्या वादात पुरावा म्हणून वापरलं जातं, म्हणून ते तपासून घ्यायला हवं. १९५८ साली आलेलं पु. ल. देशपांडे यांचं ‘बटाट्याची चाळ’ हा त्यातला सर्वांत लाडका दस्तऐवज. शेवटच्या ‘एक चिंतन’मध्ये लेखकाचा सूर बदलतो, हसणं ओसरतं आणि एक जीवनपद्धती हातातून निसटल्याची खंत उरते. म्हणजे १९५८ सालीच चाळ गेल्याचं दुःख मराठी वाचक करत होता. त्याच वेळी परळ-लालबागच्या चाळींत खोलीमागे आठ-दहा गिरणी कामगार पाळीपाळीनं झोपत होते. गिरगावच्या मध्यमवर्गीय चाळीची आठवण म्हणजे सगळ्या चाळींचा इतिहास नव्हे.

जयंत पवार यांचं ‘अधांतर’ हे नाटक १९९७ साली रंगभूमीवर आलं. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानं मोडून गेलेलं एक कुटुंब आणि एक खोली. सगळं नाटक त्या खोलीत घडतं. तरुण मुलांना घरात थांबायला जागा नाही आणि बाहेर जायला काम नाही. ज्या वस्तीत घर आणि गिरणी हाकेच्या अंतरावर होती, तिथली गिरणी काढून घेतल्यावर घराचं काय होतं, याचा एवढा नेमका अभ्यास मला कुठल्याही नियोजन अहवालात सापडलेला नाही. ‘मिश्र वापर’ या दोन शब्दांमागे रोजगार असतो. तो गेला की उरतं ती नुसती गर्दी.

तिसरी साक्ष दया पवार यांच्या ‘बलुतं’ची, १९७८ सालची. नागपाड्याजवळचा कावाखाना. पुरुष हमाली करतात, बायका रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा, लोखंड गोळा करून विकतात. इथंही घर आणि धंदा एकाच जागी आहेत, पण ते जातीनं नेमून दिलेल्या जागी आहेत. वापर मिसळलेले म्हणून माणसं मिसळलेली असतात असं नाही. चाळी गावावरून आणि जातीवरून ठरत. बीडीडी चाळींतही इमारतीगणिक वस्ती वेगळी होती, आणि १९७४ साली वरळीत दलित पँथर आणि शिवसेना यांच्यातली दंगल याच चाळींमध्ये पेटली. चाळीतल्या एकोप्याची गाणी गाणाऱ्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये.

आणखी एक गोष्ट पुरुष लेखकांच्या हातून बहुधा सुटते. गॅलरीच्या टोकाला असलेला सामाईक संडास, पाण्याच्या वेळेला लागणारी रांग आणि खोलीतल्या मोरीत आडोसा धरून उरकलेली अंघोळ. माझं बालपण अशा चाळीत गेलं. घरात संडास असणं हे माझ्या आईच्या पिढीचं स्वप्न होतं आणि त्यात भाबडं काहीच नव्हतं. म्हणून चाळ जशीच्या तशी ठेवा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी उभी राहू शकत नाही.

मग चाळीतलं जपण्यासारखं काय होतं? माझ्या मते, कमी जागेत आणि कमी भांडवलात धंदा उभा करण्याची सोय. गिरणगावातल्या खाणावळी बायकांनी दहा बाय बाराच्या खोलीत चालवल्या. गावाकडे कुटुंब ठेवून आलेला कामगार तिथं महिन्याच्या बोलीवर जेवत असे. संपाच्या दिवसांत या बायकांनी उधारीवर कामगार जगवले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं. त्याआधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये कर्जाऊ घेऊन पापड लाटले. त्याचं पुढे ‘लिज्जत’ झालं. गच्ची सामाईक होती, ती वापरायला भाडं नव्हतं, ऊन फुकट होतं आणि गिऱ्हाईक जिना उतरलं की भेटत होतं. आजच्या मनोऱ्याच्या गच्चीवर पापड वाळत घालायला सोसायटीच्या समितीची परवानगी मागून पाहावी.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या लोकांच्या मुलाखतींवरून २००४ साली जो मौखिक इतिहास सिद्ध केला, त्यात ही सगळी व्यवस्था माणसांच्या तोंडून ऐकायला मिळते. आराखडा करणाऱ्यांच्या टेबलावर असं पुस्तक असायला हवं, असं मला नेहमी वाटतं.

४. मापाचं चलन कसं झालं

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धकाळानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना त्याचा आधार मिळाला, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि इमारती पडू लागल्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळासाठी कायदा आला आणि ‘उपकरप्राप्त इमारत’ हा नवा शब्द मुंबईच्या तोंडी बसला. चटईक्षेत्र निर्देशांक १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर आला. त्याच आराखड्यानं शहराचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग पाडले. १९९१ च्या नियमावलीनं शहरात १.३३ आणि उपनगरांत १ अशी मर्यादा घातली. हेतू गर्दी रोखण्याचा होता.

पण मर्यादा घालताना तिच्याबरोबरच सवलतींची मालिका आली. जुनी इमारत पाडून बांधली तर जास्त निर्देशांक, झोपडपट्टीवासीयांना घरं दिली तर जास्त, रस्त्यासाठी जागा सोडली तर तेवढा हक्क दुसरीकडे नेऊन वापरायची मुभा. हाच टीडीआर, हस्तांतरणीय विकास हक्क. शहरात सुटलेल्या जागेचा हक्क उत्तरेला उपनगरांत उतरू लागला, तिथल्या गल्लीची रुंदी आणि गटाराची क्षमता न विचारता. अशा रीतीनं जे माप होतं त्याचं चलन झालं. घर नसलेल्या सरकारला ते नोटांसारखं छापता येत होतं.

त्याचा सर्वांत वाईट परिणाम पुनर्वसनाच्या इमारतींत दिसतो. गोवंडी-मानखुर्द भागातल्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड इथं प्रकल्पबाधितांच्या इमारतींत क्षयरोगाचं प्रमाण जास्त का, याचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनं अभ्यास केला. उजेड आणि वारा खालच्या मजल्यांपर्यंत पोहोचत नाही, हे त्याचं एक ठळक कारण निघालं. तिथल्या इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर. सात मजली इमारत २१ मीटर उंच धरली तर ऑरच्या नियमानं समोर साडेदहा मीटर मोकळी जागा हवी. प्लेगपासून शिकून १८९८ नंतर जे शहर कोन मोजायला लागलं, त्यानं शंभर वर्षांनी गरिबांसाठी घरं बांधताना तो कोनमापक बाजूला ठेवला. मागच्या शतकातली एखादी चूक नव्या शतकात पुन्हा होणं समजू शकतं. पण इथं एक उत्तर हाताशी असताना ते गमावलं आहे.

गिरण्यांच्या जमिनींचं प्रकरण वाचकांना ठाऊक आहे. १९९१ च्या नियमात मोकळी जागा, परवडणारी घरं आणि मालक अशी ढोबळ तीन वाट्यांची कल्पना होती. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करायला सुचवलं. २००१ च्या दुरुस्तीनं हे वाटे फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरते उरले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती उचलून धरली. सुमारे सहाशे एकर जागा एकत्र आखण्याची संधी एका वाक्याच्या दुरुस्तीनं गेली. नियमावलीतलं वाक्य किती काळजीपूर्वक वाचायला हवं, याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

५. आठचा आकडा

फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘मुंबई २०३४’ या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. रेल्वे स्थानकांच्या आसपास वस्ती दाट करावी, लोकांनी पायी स्थानकावर जावं, या विचारानं काही भागांत निर्देशांक ८ पर्यंत सुचवला होता. कल्पना चांगली होती. विरारहून रोज लोंबकळत येणाऱ्याला दादरला घर मिळालं तर कुणाला नको आहे? पण मसुद्यात चुका इतक्या निघाल्या, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्यानं करायला सांगितला. सुधारित नियमावली २०१८ साली लागू झाली.

त्या काळात दोन मतं समोर होती. फ्रेंच नगरतज्ज्ञ आलें बर्तो बरीच वर्षं सांगत होते, की मुंबईचा निर्देशांक जगातल्या मोठ्या शहरांच्या मानानं फार कमी आहे. त्यामुळेच घरं लहान आणि महाग आहेत आणि शहर लांबवर पसरत चाललं आहे. नव्या मुंबईच्या मूळ कल्पनेचे एक शिल्पकार, अभियंता शिरीष पटेल यांचं म्हणणं वेगळं होतं. इमारतीच्या आत माणशी किती जागा आहे आणि बाहेर रस्ता, मैदान, शाळा यांची माणशी किती जमीन आहे, हे दोन्ही मोजल्याशिवाय निर्देशांक वाढवणं म्हणजे आतली गर्दी बाहेर ढकलणं.

मला बर्तो यांचा पहिला मुद्दा पटतो. माणशी जागा वाढायची तर बांधकाम वाढायलाच हवं. आकडा गोठवून गरिबांची सोय होत नाही. पण पटेल यांनी सुचवलेला हिशेब केल्याशिवाय ते बांधकाम कुणाच्या वाट्याला जाईल हे कळत नाही. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी आढळली आणि त्याच शहरात चाळीस टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत होते. बांधकाम कमी आहे, एवढंच या विसंगतीचं स्पष्टीकरण देता येत नाही.

२०१८ च्या नियमावलीत दोन गोष्टी चांगल्या आहेत. रस्त्याच्या रुंदीशी निर्देशांकाचं नातं जोडलं आहे, आणि निवासी भागात दुकानं-कार्यालयांना पूर्वीपेक्षा जास्त मोकळीक आहे. पण वाढीव निर्देशांक अधिमूल्य भरून विकत घ्यायचा आहे. महापालिकेला आणि राज्याला त्यातून पैसा मिळतो. ज्याच्या विक्रीतून आपलं उत्पन्न येतं, त्याची मर्यादा ठरवणं कुठल्याही दुकानदाराला जड जातं.

शिवाय नियमावली एका हातानं मिश्र वापराला परवानगी देते आणि दुसऱ्या हातानं तो अशक्य करते. घर जितकं मोठं तितक्या जास्त गाड्यांची सोय सक्तीची. मग खालचे पाच-सहा मजले गाड्यांचे होतात. त्याला पोडियम म्हणतात. फुटपाथवरून चालणाऱ्याच्या वाट्याला जाळी लावलेली भिंत, एक आत जायचं दार आणि एक बाहेर पडायचं. मी लोअर परळला अशा भिंतींच्या कडेनं पुष्कळदा चालले आहे. ऊन चुकवायला वळचण नाही आणि पत्ता विचारायला दुकान नाही. संध्याकाळी सातनंतर बाईमाणसाला तिथून एकटं जाताना जे वाटतं, ते चटईक्षेत्राच्या कुठल्याही तक्त्यात मावत नाही. लालबागच्या जुन्या गल्लीत तीच बाई रात्री दहालाही बिनधास्त चालते, कारण पानवाला जागा असतो.

६. पाचशे फुटांनंतर

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५००, आणि संडास घरात. हे मोठं काम झालं आहे आणि ते सरकारच्या म्हाडानं केलं, हेही नोंदवायला हवं. मराठी माणूस मुंबईत टिकला पाहिजे असं म्हणणाऱ्यांनी या चाव्यांना नाक मुरडण्याचं कारण नाही.

भेंडीबाजारातला प्रयोगही अभ्यासण्यासारखा आहे. बोहरा समाजाच्या न्यासानं साडेसोळा एकरांतल्या सुमारे २५० जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास हाती घेतला. ३२०० कुटुंबं आणि १२५० दुकानं. दुकानदारांना मोजणीत पहिल्यापासून धरलं, ही त्यातली जमेची बाजू. तिथं पाया एका समाजाच्या संघटनेचा आहे, तो सगळीकडे मिळणार नाही. पण कुटुंबांच्या शेजारी दुकानांचा आकडा लिहिला की आराखड्याची भाषा बदलते, एवढं त्यातून दिसतं.

कारण खरा प्रश्न चाव्या मिळाल्यानंतरचा आहे. चाळीतल्या खोलीचं भाडं नाममात्र होतं. मनोऱ्यात लिफ्ट, पंप, पहारा, आग विझवण्याची यंत्रणा यांचा देखभाल खर्च दरमहा येतो. तो भागवायचा तर कमाई हवी, आणि यातल्या अनेक घरांची निम्मी कमाई घरातून चालणाऱ्या धंद्यातून येत होती. डबे करून देणारी, ब्लाउज शिवणारी, शिकवण्या घेणारी, गॅलरीच्या तोंडाशी फुलं विकणारी बाई तिसाव्या मजल्यावर गेल्यावर तिचं गिऱ्हाईक कुठून येणार? उत्तर मिळालं नाही, तर पाच-दहा वर्षांत ती जागा भाड्यानं देऊन किंवा विकून बदलापूर गाठेल. आकडेवारीत ते पुनर्वसन यशस्वीच दिसेल. २००१ ते २०११ मध्ये शहरातून गेलेल्या अडीच लाखांतले कितीतरी जण असेच, कुणी न हाकलता गेले.

म्हणून आराखड्याच्या तक्त्यात चार रकाने वाढवावेत, असं मला सुचवायचं आहे. पहिला, पुनर्विकासाआधी आणि दहा वर्षांनंतर त्या जागी राहणारी माणसं किती आणि त्यांतली मूळची किती. दुसरा, तळमजल्यावरचे आणि घरांतून चालणारे धंदे आधी किती, नंतर किती. तिसरा, सर्वांत खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसणारा आभाळाचा कोन. ऑरचं माप तयार आहे, ते नव्यानं शोधायला नको. चौथा, रस्त्याला लागून असलेल्या दर्शनी भागापैकी किती भागात दारं आणि दुकानं आहेत आणि किती भागात कोरी भिंत आहे. हे चारही आकडे एखादा पदवीचा विद्यार्थी टेप आणि वही घेऊन गोळा करू शकतो. त्यासाठी परदेशी सल्लागार लागत नाही. त्यावरून निर्देशांक ठरला तर आठचा आकडाही मला चालेल.

आपल्याकडे आराखड्याच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना पाठवण्याची कायद्यानं सोय आहे. २०१५ साली हजारो लोकांनी ती वापरली, म्हणून मसुदा मागे गेला. साहित्याच्या वाचकाला वाक्यांत दडलेला माणूस ओळखायची सवय असते. पुढचा मसुदा येईल तेव्हा त्याच सवयीनं तो वाचावा आणि जिथं चटई आहे पण माणूस नाही, त्या कलमाचा क्रमांक लिहून हरकत पाठवावी. साध्या कागदावर, मराठीत लिहिलेली चालते.